हॉर्नच्या बटणावरचं कुंकू

गोवर्धनला माणसं आवडत नसत, आणि माणसांच्या गाड्या तर त्याहून नाही. अमरावतीत बडनेरा रोडवर त्याचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. गाडी दारात लागली की तो मालकाच्या तोंडाकडे बघत नसे, आधी स्टेअरिंगकडे बघे आणि तिथेच मालकाची अक्कल ठरवून टाके. हॉर्न बंद पडला म्हणून डॅशबोर्डला घराच्या दारावरच्या घंटीचं बटण ठोकणारे, उघड्या वायरीला जखमेची चिकटपट्टी गुंडाळणारे, इंडिकेटरची दांडी सैल झाली म्हणून तिला रबरबँड लावून वर्षं काढणारे, असे सगळे नमुने त्याच्याकडे येऊन गेले होते. काम लहान असो की मोठं, आधी मालकाचा पाणउतारा व्हायचाच. तरी लोक येत, कारण हात चांगला होता. तोंड तेवढं घाण होतं.

त्याचा सगळ्यात जास्त राग होता कुंकवावर. दसऱ्याला घरोघरी गाडीची पूजा होते. घरची बाई पाण्यात कालवलेलं हळदकुंकू घेऊन येते, बॉनेटवर स्वस्तिक काढते, चाकांना बोटं लावते, आणि मग दार उघडून स्टेअरिंगच्या मधोमध, नेमका हॉर्नच्या बटणावर, जाड टिळा लावते. वर अक्षता चिकटवते. ते पाणी फटीतून आत उतरतं आणि बटणाखालच्या पितळी कड्यावर जाऊन बसतं. कड्याला हिरवा गंज चढतो. मग हॉर्न एक तर मुका होतो, नाहीतर कोणी न दाबता बोंबलत सुटतो. जुन्या गाड्यांचा हा ठरलेला रोग, आणि दसरा सरला की गोवर्धनच्या दारात याच रोग्यांची रांग लागे. "देवाले समजलं असतं, तर त्यानं याईले गाडी देली नसती, बैलबंडीच ठेवली असती," असं तो समोरच्या चहाच्या टपरीवर दरवर्षी न चुकता ऐकवायचा.

मोर्शीकडच्या मळ्यात त्याचा थोरला भाऊ नत्थुजी फुलं पिकवत होता. गोवर्धन त्याच मळ्यात वाढला, पण झेंडूसाठी कंबर मोडायची नाही म्हणून तरुणपणीच अकोल्याला एका उस्तादाकडे वायरिंग शिकायला पळाला आणि पुन्हा मळ्याकडे फिरकला नाही. भावाचा विषय निघाला की तो "आमचे फुलवाले" म्हणायचा, आणि म्हणताना नाक असं मुरडायचा की ऐकणाऱ्यालाच शरम वाटावी. नत्थुजीची बायको पार्बताबाई हिला तर तो कशातच धरत नव्हता.

यंदा खंडेनवमीला दुपारी नत्थुजीची जीप त्याच्या दारात आली, तीही एका ट्रकच्या मागे दोरीने बांधून ओढत आणलेली. मागे झेंडू शिगोशीग भरलेला आणि पुढे नत्थुजी-पार्बताबाई घामाघूम. माल अकोल्याला निघाला होता. अमरावतीत शिरताना जीप डावीकडे वळली की हॉर्न आपोआप वाजू लागला, मग वाजतच राहिला, स्टेअरिंगच्या दांड्यातून धूर निघाला आणि इंजिन बंद पडलं. अकोल्याचा व्यापारी संध्याकाळपर्यंतच माल घेणार होता. अमरावतीच्या बाजारात फुलांचे ढीग लागून सकाळीच भाव कोसळला होता, आणि भाड्याच्या सगळ्या गाड्या सणासाठी आधीच गेलेल्या. उद्या दुपारनंतर झेंडूला कुत्रं विचारत नाही. मळ्याची सगळी मेहनत त्या जिपेत होती, आणि जीप दगडासारखी उभी होती.

गोवर्धनने पाणी विचारलं नाही. स्टेअरिंगपाशी वाकला, नखाने हॉर्नचं बटण उचकटलं आणि हसला. आत लाल चिखल वाळून खडखडीत झाला होता. त्यात अक्षतांचे काळे पडलेले दाणेसुद्धा होते. त्याने बटण उंच धरून टपरीवरच्या लोकांना दाखवलं. मग जो सुरू झाला तो थांबेचना. गाडीला कपाळ असतं का, खेड्यातल्या बायांना वायर आणि वात यातला फरक कळतो का, गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून वायरी जोडून घेणाऱ्यांनी रस्त्यावर यावंच कशाला, असं बरंच काही. टपरीवरचे लोक हसले. नत्थुजी खाली मान घालून ऐकत होता. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने एवढंच विचारलं, की होईल का.

इथे गोवर्धन अडला. आतल्या फळीवर लाल कपडा अंथरलेला होता, त्यावर नटबोल्टचे पाने, पेचकस, पक्कड आणि वायरीतली वीज दाखवणारं मीटर ओळीने मांडलेलं. सकाळीच पूजा झाली होती. नवमीला पूजलेल्या हत्यारांना दसऱ्याची आरती होईपर्यंत बोट लावायचं नाही, हा उस्तादाने घालून दिलेला नेम त्याने आजवर मोडला नव्हता. आज जमणार नाही, उद्या दुपारी बघू, असं तो म्हणाला. जरा मोठ्यानेच म्हणाला, कारण टपरी ऐकत होती.

पार्बताबाई जीपमधून उतरली. फळीपाशी जाऊन तिने हत्यारांवरच्या ओल्या टिळ्यांकडे नीट बघितलं.

"आमचं कुकू म्हणजे येडेपणा, अन् तुमचं कुकू म्हणजे नेम? असं काहून, भाऊजी?"

टपरीवर आता वेगळं हसू फुटलं. गोवर्धनचे कान तापले. त्याने उस्तादाचं नाव मनात घेतलं, फळीवरचा नारळ बाजूला सरकवला आणि पाना उचलला.

एकदा स्टेअरिंग निघाल्यावर मात्र तो मूळचा गोवर्धन झाला. कडं पेट्रोलने धुतलं, काचकागदाने घासून सोन्यासारखं केलं. कड्याला टेकणारा कार्बनचा तुकडा गंजात अडकून बसला होता, तो मोकळा केला. दांड्यात हॉर्नची वायर जळून शेजारच्या वायरींना चिकटली होती. आता त्यातली कोणती तुटली एवढंच शोधायचं होतं. त्याने मीटर लावलं. पहिली वायर मेलेली निघाली. दुसरीही. तिसरीही. गोवर्धनला चेव आला. त्याने वेल्डिंगवाल्याचा उद्धार केला, वायरी विकणाऱ्याचा केला, असल्या वायरी गाडीत घालू देणाऱ्या नत्थुजीचा केला. मग बॅटरीला मीटर लावलं, तर बॅटरीही मेलेली.

"बॅटरीबी गेली तुयी," तो म्हणाला. "आता फुलं बैलाले चारून टाक."

नत्थुजीने खिडकीतून हात घालून दिव्याचं बटण ओढलं. जिपेचे दोन्ही दिवे भर दुपारी लख्ख लागले.

गोवर्धनने मीटरकडे बघितलं. पार्बताबाईने पुढे होऊन मीटरच्या मधल्या गोल खटक्यावरून अंगठा फिरवला आणि तो त्याच्यापुढे धरला. अंगठा लाल झाला होता. सकाळी सढळ हाताने लावलेला टिळा त्या खटक्याच्या फटीतून ओघळून आत गेला होता. मधोमध होता ना तो खटका, कपाळासारखा.

गोवर्धनने खटका शर्टाच्या बाहीला घासून बघितला, पण मीटर मुकंच राहिलं.

त्याने मीटर ठेवून दिलं. टेबलाखालून उस्तादाच्या वेळचा, दोन वायरींना जोडलेला बल्ब काढला आणि एकेक वायर तपासत गेला. हॉर्नची आणि इंजिनची, दोनच जळल्या होत्या. त्या बदलल्या, इंडिकेटरची दांडी आवळली, स्टेअरिंग बसवलं. एवढा वेळ त्याच्या तोंडून ब्र निघाला नाही, आणि टपरीवरच्यांना ते वाजणाऱ्या हॉर्नपेक्षा चमत्कारिक वाटलं. दिवस अजून बराच होता. जीप सुरू झाली, नत्थुजीने बटण दाबलं, हॉर्न खणखणीत वाजला आणि सोडताच गप्प झाला.

पार्बताबाई बसायला निघाली आणि थांबली. दुकानात जाऊन त्याच्याच पूजेच्या ताटातलं कुंकू बोटावर घेऊन आली. बॉनेटच्या ऐन टोकाला, बटणापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब, तिने बोट टेकवलं आणि वळून त्याच्याकडे बघितलं.

"इथं चालते ना, भाऊजी?"

सगळी टपरी त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"चालते," गोवर्धन म्हणाला.