आठ सेकंदांचं केळीचं पान

पापडी गावच्या आलोशियस तुस्कानोने आयुष्यभर एका सरकारी शैक्षणिक वाहिनीत चित्रं काढली, आणि गावाला ते पटवण्यातच त्याचा निम्मा जन्म गेला. बँकेत असता तर कुणी पुरावा मागितला नसता. टीव्हीत आहे म्हटल्यावर लोक विचारत, मग दिसत कसा नाहीस?

तो दिसत नव्हता, पण त्याचं पान दिसत होतं. शहाऐंशी साली वाहिनीला कार्यक्रमांच्या आधी दाखवायला नवं ओळखचित्र हवं होतं. चित्रशाखेचे प्रमुख आत्माराम सामंत यांनी आठ दिवसांची मुदत दिली आणि स्वतः रजेवर गेले. आलोशियसने नमुना म्हणून आपल्या वाडीतली केळ धरली. नवं पान सुरळी होऊन वर येतं, मग सावकाश उलगडतं. ते त्याने सकाळ-संध्याकाळ समोर बसून टिपलं. पडद्यावर पान उलगडायचं, त्याच्या शिरा सरळ होत होत वहीच्या रेघा व्हायच्या, आणि त्या रेघांवर वाहिनीचं नाव उमटायचं. सगळं मिळून आठ सेकंद. कितीतरी पोरांनी गणिताच्या पाठाआधी ते पान पाहिलं. ते कोणी काढलं, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

पुढे दर काही वर्षांनी त्या पानावर कुणी ना कुणी आपलं शहाणपण चालवलं. कॉम्प्युटर आला तेव्हा पान सोन्याचं झालं आणि गरगर फिरू लागलं. मग त्याचं पुस्तक झालं, पुस्तकाला पंख फुटले आणि ते पृथ्वीभोवती उडू लागलं. कशासाठी, ते पृथ्वीलाच माहीत. आता नुसत्या दोन हिरव्या रेघा उरल्या आहेत. प्रत्येक वेळी आलोशियस टीव्हीसमोर बसून म्हणायचा, "शिरा चुकल्या." त्याची बायको क्लेमेंटीन विचारायची, "तुमाला कोणी विचारलं?" कोणी विचारलं नव्हतंच.

म्हणून या वर्षी फोन आला तेव्हा तो दोन दिवस नीट जेवला नाही. वाहिनीच्या वर्धापनदिनासाठी तिच्या सगळ्या ओळखचित्रांवर एक माहितीपट होणार होता, आणि तो बनवणाऱ्या कंपनीतली नेत्रा नावाची मुलगी त्याला भेटायला येणार होती. आलोशियसला पैसा नको होता, हारतुरे नको होते. त्या आठ सेकंदांखाली एकदा, फक्त एकदा, आपलं नाव यावं, आणि ते क्लेमेंटीनने बघावं, एवढंच त्याला हवं होतं.

नेत्रा जवळच्याच मनवेलपाड्यातली, पंचविशीची, बोलायला गोड. तिने ओट्यावर कॅमेरा लावला. आलोशियस तासभर बोलला. केळीचं झाड दाखवलं, हवेत बोटाने शिरा काढून दाखवल्या. शेवटी तिने विचारलं, "सर, एखादं तरी ओरिजिनल असेल ना? रजिस्टरमध्ये सामंत सरांचीच सही आहे. तुमचं नाव टाकायचं तर काहीतरी प्रूफ लागेल."

इथेच सगळं घोडं पेंड खात होतं. ही चित्रं सेलवर काढायची, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या तावांवर. एकेका तावाचा फोटो घ्यायचा, ते फोटो भराभर दाखवले की चित्र हलतं. सेल महाग, म्हणून काम झालं की रंग धुऊन ते परत भांडारात जमा करायचे, असा नियम होता. शाखेतले बाकीचे चित्रकार दोन-चार सेल हळूच घरी लांबवत. आलोशियस पडला पापडीचा. इथे शेजाऱ्याचा नारळ वाऱ्याने आपल्या वाडीत पडला, तरी तो कुंपणावरून हाक मारून परत देतात. ऑफिसच्या मोरीला पाणी नव्हतं, तर हा शहाणा शंभर सेल घरी घेऊन आला, विहिरीवर बसून स्वतःच्या हाताने ते पान शंभर वेळा धुतलं, आणि सोमवारी शंभरच्या शंभर कोरे सेल भांडारात जमा केले.

"मी पानी ओतत होते," क्लेमेंटीन आतून बाहेर येत म्हणाली. "मला विचार ना. मी बघितलंय."

"आंटी, घरच्या माणसाचं नाही चालत ना," नेत्रा ओशाळून म्हणाली. "पण मी ट्राय करते. पक्का."

आलोशियसची मुलगी फेलिशिया शाळेत शिक्षिका. कार्यक्रमाची तारीख कळताच तिने बातमी गावभर केली. चर्चमधल्या रविवारच्या मिस्सेनंतर फादरांनी सूचनांमध्ये सांगितलं की आपल्या आलोशियसचं काम आज चार वाजता टीव्हीवर दाखवणार आहेत. शेजारचा स्टॅनी म्हणाला, "आता तुला हाक मारायची तर आधी चिठ्ठी पाठवावी लागेल." चारच्या आत घर भरलं. शेजारीण इझाबेलने केक आणला होता.

टीव्हीवर पान उलगडलं. किती वर्षांनी ते पुन्हा तसं हिरवंगार, हाताने काढलेलं दिसलं. मग पडद्यावर सामंत आले. गुबगुबीत सोफ्यावर बसून ते म्हणाले की गावी केळीच्या पानावर जेवताना आपल्याला ही कल्पना सुचली.

आणि त्यानंतर आलोशियस आला. अकरा सेकंद. मागे गमतीदार संगीत. "सेल आम्ही धुवायचो. बायको पाणी ओतायची. शंभरच्या शंभर धुऊन परत केले." खाली अक्षरं आली: आलोशियस तुस्कानो, माजी कर्मचारी, सेल सफाई.

नाव आलं. एका काना-मात्रेची चूक नव्हती.

मग इझाबेलने टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांनी वाजवल्या. "छान बोललास," लोक म्हणाले, आणि आलोशियसने प्रत्येकाला थँक्यू म्हटलं. स्टॅनीने थट्टा केली नाही, ते त्याला सगळ्यात जास्त लागलं.

नेत्राचा मेसेज आला होता: सॉरी सर, वरून बदललं. फेलिशिया संतापली. "पापा, आपण तक्रार करू."

"काय लिहिणार? खोटं काय आहे त्यात?" तो म्हणाला. "धुतले मीच."

माणसं पांगली. राग सामंतांवर यायला हवा होता, पण तो स्वतःवरच येत होता. ज्यांनी सेल चोरून नेले त्यांच्या भिंतींवर आज त्यांची चित्रं टांगलेली असतील, आणि प्रामाणिक माणसाच्या हाती रंग धुतलेलं पाणी.

"एक तरी ठेवायला पायजे होता मी," तो म्हणाला.

क्लेमेंटीन कप गोळा करत होती. तिने वर न बघता सांगितलं, "मी मागितला होता एक. तुमी म्हनालात, मला चोरी शिकवते काय."

आलोशियसला ते आठवत नव्हतं. तिला चाळीस वर्षं आठवत होतं.