नलूताईंची मेलेली माणसं

नलूताई गेल्याचं पोस्टकार्ड मला पुण्यात चार दिवस उशिरा मिळालं. लोणावळ्याच्या आमच्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी पाठवलेलं. न्यूमोनिया झाला, तिसऱ्या दिवशी गेल्या, शाळा अर्धा दिवस सोडली... एवढाच मजकूर. दारात उभ्याउभ्याच मी तो वाचला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. वाईट नंतर वाटलं, खूप वाटलं. पण पहिल्यांदा वाटलं ते हेच, की चला, आता आपल्याला विचारणारं कुणी उरलं नाही. या पुरवणीच्या संपादकांनी ‘तुमचा त्यांचा स्नेह होता, दोन शब्द लिहा’ असं कळवलं तेव्हा मी दोन आठवडे काहीच लिहू शकलो नाही, त्याचं कारण हे आहे.

नलूताई विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. वयाने त्या माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या. मी नोकरीला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत त्यांनी आपला डबा माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, “तू सदाशिव ना? मग सदू म्हणते. चालेल?” त्यांनी लग्न केलेलं नव्हतं. वडील खंडाळ्याला रेल्वेत कारकून होते, त्यांच्या पश्चात एकट्याच राहायच्या. वडिलांचा विषय निघाला की एक गोष्ट हटकून सांगायच्या. त्या लहान असताना वडील त्यांना घाटातल्या बोगद्यांपाशी फिरायला नेत. हा घाट खोदताना किती मजूर मेले, त्यांची नावंसुद्धा कुणी धड लिहून ठेवली नाहीत, असं सांगत. एकदा म्हणाले, “मेले म्हणून सुटले बिचारे. नाहीतर कंत्राटदाराने सोडलं नसतं.”

त्या एका वाक्यावर नलूताईंनी कादंबरी लिहिली. ‘दुसरी हजेरी’. पुढच्या शतकातलं एक शहर. तिथल्या सरकारला मेलेल्या माणसांना उठवून कामाला लावायची युक्ती सापडते. मेलेल्यांना भूक नाही, झोप नाही, तक्रार नाही. हळूहळू जिवंत माणसांना काम उरत नाही आणि मेलेल्यांना विसावा उरत नाही. त्यांची रोज सकाळी आकड्यांनी हजेरी घेणारी एक कारकून बाई असते. एक दिवस रांगेत तिला तिचा नवरा दिसतो. आकडा बाजूला ठेवून ती त्याला नावाने हाक मारते. आणि तो, ज्याला काही आठवू नये अशी तजवीज केलेली असते तो, म्हणतो, “हजर.” कादंबरी तिथे संपते. मी हस्तलिखित वाचलं तेव्हा शेवटचं पान वाचून बराच वेळ खिडकीपाशी उभा राहिलो होतो. पुस्तक निघालं, कुठे चार ओळींचं परीक्षण आलं, आणि प्रती ताईंच्या पलंगाखाली जाऊन पडल्या. त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. मलाच वाटलं. सिनेमात शिरायची हौस मला होती, त्यांना नव्हती.

मुंबईचे एक निर्माते हवापालटासाठी लोणावळ्याला येत. ओळख काढून मी त्यांना भेटलो आणि कादंबरीची गोष्ट ऐकवली. त्यांनी मुंबईत एक इंग्रजी सिनेमा पाहिला होता, त्यात झोंबी म्हणतात तसली चालती प्रेतं माणसांना चावत सुटतात आणि लोक खुर्चीत ओरडतात. माझी गोष्ट ऐकून ते म्हणाले, “मास्तर, मराठीत हे कुणी केलेलं नाही. तुम्हीच लिहा पटकथा.” मी तरंगतच ताईंकडे गेलो. त्यांनी परवानगी दिली; एकच अट घातली. “माझी मेलेली माणसं कुणाला हात लावणार नाहीत, सदू. भीती वाटायची असेल तर ती जिवंत माणसांची वाटू दे. एवढं सांभाळ.” मी म्हणालो, “शब्द देतो.”

हा शब्द मी पंधरा दिवसही पाळला नाही. पहिला खर्डा वाचून निर्माते हसले. चावा कुठे आहे, म्हणाले. मी चावा घातला. मग दुसरा घातला. शेवटी रांगेतला तो नवरा ‘हजर’ म्हणण्याऐवजी बायकोच्या मानेचा लचका तोडतो, हेही मीच लिहिलं. कुणी माझा हात धरून लिहून घेतलं नाही. चित्रपटाचं नाव ठेवलं ‘मढ्यांचा डोंगर’. ताईंना मी सांगत राहिलो की काम मुंबईत चाललंय, अजून वेळ आहे.

काम चाललं होतं भाजे गावात, शाळेपासून एकाच स्टेशनाच्या अंतरावर, मळवलीजवळ. तो दुष्काळाचा काळ. मावळात पाऊस त्या मानाने बरा झाला होता, तरी हाताला काम नव्हतं आणि धान्य मिळत नव्हतं. भाज्याची मुलं आमच्या शाळेत होती, त्यामुळे गावात माझा शब्द चालायचा. मी गावात जाऊन सांगितलं की सिनेमावाल्यांना मजुरांच्या कामासाठी माणसं हवी आहेत, मजुरी आणि जेवण मिळेल. मेलेल्या मजुरांचं काम, हे सांगितलं नाही. पुरुष आले, आठ-दहा बायकाही आल्या. लेण्यांच्या डोंगराखाली माळावर त्यांना ओळीने बसवून मेकअपवाल्याने तोंडाला राख आणि पीठ फासलं, नाकात कापूस घातला. पुरुष एकमेकांकडे बघून हसत होते. बायका गप्प झाल्या होत्या.

त्यांत हिराबाई होती. विशी-बाविशीची, कपाळावर चांगलं रुपयाएवढं कुंकू. दिग्दर्शक मला म्हणाला, “मास्तर, हिच्याकडे बघून भीती कशी वाटणार? ते पुसायला सांगा.” मी सांगितलं. हिराबाईने मान हलवली. शेजारची एक म्हातारी पुढे आली आणि म्हणाली, “मास्तर, सवाशीण मेली तरी मळवट भरत्यात. पुसत न्हाईत. आन् ही तर जिती हाय.”

“अहो मावशी, नाटकातलं आहे ते. संध्याकाळी पुन्हा लावायचं,” मी म्हणालो आणि मेकअपवाल्याच्या बादलीतलं ओलं फडकं पिळून हिराबाईच्या हातात दिलं. “लवकर, बाई. ऊन चाललंय.”

ती फडकं धरून उभी राहिली. तिचा नवरा कोंडिबा पुरुषांच्या ओळीत होता, तोही राख फासलेला, नाकात कापूस. तिथूनच तो ओरडला, “पूस की गं! मी जिता हाय न्हवं हितं?” सगळे हसले. मीही हसलो. हिराबाईने पाठ फिरवली आणि कपाळ पुसलं.

तीन आठवड्यांनी कोंडिबा गवत कापायला विसापूर किल्ल्याच्या अंगाला गेला. कड्यावरून त्याचा पाय घसरला. दोन दिवसांनी तो सापडला.

गावात काय बोललं गेलं असेल ते कुणालाही कळेल. भाज्याच्या एका विद्यार्थिनीने ते वर्गात ताईंना सांगितलं, आणि त्या सरळ माझ्याकडे आल्या. हातात खडू तसाच होता. “कुंकू कुणी पुसायला लावलं?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “दिग्दर्शकाने.” हे खरंही होतं... आणि मला माहीत होतं की खरं नव्हतं. मग वर म्हणालो, “पण ताई, तुम्ही विज्ञानाच्या शिक्षिका. कुंकू पुसून कुणी मरतं का?” त्या म्हणाल्या, “नाही मरत. हे तू तिला जाऊन सांगशील?” मी टेबलावरच्या वह्या नीट लावायला लागलो. “मग चल,” त्या म्हणाल्या.

आम्ही गाडीने मळवलीला उतरलो. फलाटावर माझे पाय थांबले. मी म्हणालो, “ताई, मी इथे बाकावर बसतो. तुम्ही जाऊन या.” त्यांनी आग्रह केला नाही. छत्री काखेत धरून त्या भाज्याच्या वाटेने चालत गेल्या, आणि मी दोन तास त्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या मालगाड्यांचे डबे मोजले. परत आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता. मी विचारलं, “काय म्हणाली?”

“मी सांगितलं, पुस्तक माझं आहे. जे झालं ते माझ्यामुळे.”

“आणि... माझं?”

“तुझं नाव निघालं नाही,” ताई म्हणाल्या. लोणावळा येईपर्यंत त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. मला हायसं वाटत होतं.

पुढे सिनेमा लोणावळ्यात लागला. मी गेलो नाही. ताई गेल्या, एकट्या, आणि शेवटपर्यंत बसल्या. लचक्याच्या वेळी टॉकीजमध्ये शिट्ट्या वाजल्या म्हणतात. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, “सदू, माझा माणूस ‘हजर’ म्हणालाच नाही रे.” त्या विषयावरचं त्यांचं एवढंच बोलणं. त्या रागावल्या असत्या तर मी भांडलो असतो, कारणं दिली असती. तशी संधीच त्यांनी मला दिली नाही. पोरं त्यांना मागून ‘मढीवाल्या बाई’ म्हणायला लागली. वर्षभरात मी पुण्याला नोकरी शोधली. सिनेमाची दुसरी कामं येतील असं वाटत होतं, ती आली नाहीत. ताई दर दिवाळीला पोस्टकार्ड टाकायच्या, तब्येत विचारायच्या. त्या अधूनमधून भाज्याला जातात असं कानावर यायचं. त्यांनी कधी कळवलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

पोस्टकार्ड आल्यावर तेराव्यालाही मी गेलो नाही. त्यानंतर एका रविवारी मात्र घरातून निघालो आणि मळवलीला उतरलो. हिराबाईचं घर विचारत विचारत जावं लागलं. ती अंगणात तांदूळ पाखडत होती. मला तिने लगेच ओळखलं. मी म्हणालो, “नलूताई गेल्या... तुम्हाला कळवावं म्हणून आलो.”

“म्हाईत हाय. तेराव्याला गेलते मी,” ती म्हणाली. “तुमी न्हवता तितं.”

मग मी ते बोललो. सहा वर्षांत कुणापाशी न बोललेलं. “हिराबाई, त्या दिवशी फडकं तुमच्या हातात मी दिलं होतं.”

तिने सूप खाली ठेवलं. “माझ्याच हातात दिलं न्हवं? मला म्हाईत न्हाई व्हय?”

“ताईंना सांगितलंत कधी?”

“पयल्याच दिशी. त्या आल्या, म्हणल्या पुस्तक माझं हाय. मी लय बोलले त्यास्नी, नगं नगं ते बोलले. मग म्हणलं, पुस्तक तुमचं आसंल, पर फडकं दिलं त्या मास्तरनं. तर म्हणल्या, त्याला मीच धाडलं व्हतं.” हिराबाईने सुपातला एक खडा वेचून टाकला. “खोटं बोलत व्हत्या. मला कळलं. पर मी काय म्हणणार...”

ओट्यावर खांबापाशी जागा सारवलेली, स्वच्छ होती, तिथे टेकायला मी वळलो.

“तितं नगा बसू,” ती घाईने म्हणाली.

मी थांबलो.

“मी पयल्या दिशी त्यास्नी रागानं बोलले व्हते, घरात पाय ठिऊ नका म्हणून. मागनं किती येळा म्हणलं, या की आत. कदी आल्या न्हाईत. पोरीचा आभ्यास घ्यायच्या, च्या घ्यायच्या, समदं हितं भायेरच.” तिने हात लांब करून खांबापाशी पडलेलं तांदळाचं तूस झाडून टाकलं. “तितं बाई बसत्यात.”

मी अंगणातच उभा राहिलो. तिने पुन्हा सूप हातात घेतलं.