विचारून जवळ येणाऱ्या ताई

सुलभाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणवाडीत खिचडी वाढत होते. त्यांची धाकटी बहीण शहापूरहून बोलत होती. ‘पहाटे गेली गं ताई… झोपेतच,’ एवढंच म्हणाली. पोरं ताटं पुढे करून बसलेली. मी फोन कमरेला खोचला आणि राहिलेल्या ताटांत खिचडी वाढली. रडायलाही सवड लागते. त्याला आता दीड महिना झाला.

ताई ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या. ज्या मुलांना हाताने जेवणं, चालणं, साधा आवाज किंवा स्पर्श सोसणंही जड जातं, त्यांना खेळातून त्याची सवय लावायची, हे त्यांचं काम. शहापूरहून मुरबाड आणि तिथून दुसऱ्या एसटीने आमचं गाव धसई, असा दर गुरुवारचा फेरा. एवढा लांबलचक शब्द आमच्या गावात कोण उच्चारणार? सगळे त्यांना ‘खेळवाली बाई’ म्हणत, आणि त्याही त्या नावाला ओ देत.

माझी गौरी तेव्हा चार वर्षांची. बोलत नव्हती. घरात सतरंजीवर चवड्यांवर चालायची, पण उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की माझ्या अंगावर चढायची. मी अख्ख्या गावाची पोरं शाळेसाठी तयार करून देणारी बाई, आणि माझंच पोर कडेवरून उतरेना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. ताई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, ‘नाटक नाही हे. आपल्याला जी माती वाटते, ती तिला काचेसारखी टोचते. पायाला हळूहळू ओळख करून देऊ.’

यातलं ‘हळूहळू’ मी गाळलं. प्रशिक्षणं घेतलेली मी, मला कोण शिकवणार! आषाढात आमच्या खाचरात चिखलणी झाली होती. मनात म्हटलं, ओळखच करून द्यायची तर एवढं शेत पडलंय. नवऱ्याने तिला काखेत धरलं, मी पाय धरले, आणि घोट्यापर्यंत चिखलात उभं केलं. ती अशी किंचाळली की बांधापलीकडची माणसं लावणी सोडून उभी राहिली. माझ्या मनगटाला कडकडून चावली. त्या दिवसापासून ती सतरंजीवरही उतरेना. पुढच्या जूनमध्ये तिला शाळेत घालायचं होतं, आणि मी तिला होती त्याच्याही मागे नेऊन ठेवलं होतं.

दोन गुरुवार मी ताईंना ‘ताप आलाय तिला’ असं सांगितलं. तिसऱ्या गुरुवारी खरं सांगून टाकलं. नवरा म्हणाला, ‘आमी तिच्या भल्यासाठीच केला ना.’ ताई म्हणाल्या, ‘नको, असं तिने ओरडून सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत.’ मला रागच आला… पण पाठोपाठ त्या म्हणाल्या, ‘माझंही चुकलं. काय करायचं ते सांगितलं, कसं ते नीट सांगितलं नाही.’ एवढ्या शिकलेल्या बाईने माझी अर्धी चूक आपल्या पदरात घेतली. माझा राग कुठल्या कुठे गेला.

मग त्यांनी एक परात मागितली आणि त्यात घालायला सुकं भात, सालासकट. सासूबाई कडाडल्या, ‘अन्नाला पाय लावायचा? लक्ष्मी हाय ती. आमच्या घरात नाय चालायचा!’ ताईंनी वाद घातला नाही. परातीला हात लावून नमस्कार केला आणि विचारलं, ‘आजी, तुमच्या खळ्यावर मळणी कशी व्हायची?’ सासूबाई बोलून गेल्या, ‘बैलांच्या पायाखाली. मागून आमी पण तुडवायचो…’ आणि स्वतःच हसल्या. पुढच्या गुरुवारी कणगीतलं भात त्यांनीच काढून, पाखडून, कुसळं वेचून ठेवलं होतं.

गौरी माझ्या मांडीवर, परात तिच्यापासून चार हात लांब. ताई स्वतःचे पाय भातात घालून बसत, परातीच्या कडेवर दोन बोटांनी दोनदा टकटक करत, ‘येऊ का?’ विचारत आणि थांबत. गौरीने फरशीवर उलट दोनदा वाजवलं तरच परात वीतभर पुढे सरकायची. कित्येक गुरुवार तिने वाजवलंच नाही. सासूबाई माझ्या कानाशी लागायच्या, ‘ही बाई दोन गाड्या बदलून नुसती बसायला येते का गो?’ दिवाळीनंतर एकदा फरशीवर टकटक झालं. ताईंनी परात वीतभर सरकवली आणि त्या दिवशी पुन्हा विचारलं नाही. महिन्याभराने एक अंगठा भातात गेला, मग पाऊल. माघात पोर अंगणात उतरली. जूनमध्ये माझं बोट धरून शाळेच्या पायऱ्या चढली. सासूबाईंनी त्या दिवशी परातीला हळदकुंकू वाहिलं.

गेल्या उन्हाळ्यात ताईंचं येणं थांबलं. तोवर आजार त्यांनी कोणाला कळू दिला नव्हता. आम्ही भेटायला शहापूरला गेलो, तेव्हा हात अगदी काडीसारखे झालेले. त्यांनी खाटेच्या कडेवर दोनदा टकटक केलं. गौरी पंख्याकडे बघत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिचा हात धरून त्यांच्याकडे ओढू लागले, तर ताई म्हणाल्या, ‘राहू द्या. आज नको म्हणते ती. तिला नको म्हणता येतं, हे काय थोडं आहे?’ आणि खरोखरच समाधानाने हसल्या.

गौरी आता नऊ वर्षांची आहे. बोलणं दोन-चार शब्दांचंच. कोणी रडलं की तिला सोसत नाही, कानांवर हात ठेवून परसात निघून जाते. तो फोन आला त्या दुपारी मी घरी आले, स्वयंपाकघरात खाली बसले आणि मग मला रडू कोसळलं. गौरीने कान झाकले, दारापर्यंत गेली… आणि परत आली. तिने पलंगाखाली अजून जपून ठेवलेली ती भाताची परात ओढून आणली. माझ्यापासून चार हातांवर बसली, पाय भातात घातले आणि कडेवर दोन बोटांनी दोनदा वाजवलं. आजवर विचारायचो ते आम्ही. ती माझ्याकडे न बघता थांबून राहिली, ताई थांबत तशी, जराही घाई न करता.

मी फरशीवर दोनदा टकटक केलं. परात वीतभर पुढे सरकली.