जुनं बायबल, नवं बायबल
आज आईच्या पश्चात तिची ट्रंक उघडली, तेव्हा डांबरगोळ्यांचा वास आला आणि वडिलांच्या दफनाची दुपार आठवली. सीमेवरच्या निर्णा गावातल्या आमच्या घरासमोर शवपेटी ठेवली होती आणि जागरणांनी सगळेच थकले होते. सोयरे निम्मे कन्नड, निम्मे मराठी. कुणी रुसू नये म्हणून बायबल इंग्रजीतून वाचायचं ठरलं, तर त्यातही वाद निघाला. थोरल्या भावानं याच ट्रंकेतून वडिलांचं जुन्या इंग्रजीतलं बायबल काढलं. बहिणीनं मोबाइलवर नवं, सोपं भाषांतर उघडलं. “अण्णा, तुझं ते जुनं इंग्रजी कुणाला कळायलंय?” ती म्हणाली. “अप्पांनी जन्मभर हेच वाचलं,” भाऊ म्हणाला, “आज त्यांनाच नको व्हय?” शेवटी भिंतीला टेकलेली आई म्हणाली, “ज्यांना ते कळायचं ते गेले. आता ऐकणारी मी हाय. सोपं वाच, चार शब्द तरी कळतील मला. जुनं त्यांच्यासंगं जाऊ द्या.” बहीण सावकाश वाचत गेली, ओळखीचा शब्द आला की आई मान हलवायची. भावानं पुस्तक वडिलांच्या हाताखाली सरकवलं. ट्रंकेत आता दोन साड्या आहेत आणि तो वास.