हिरड्यांचा रंग

समोर कुत्रं आलं की मॅडम आधी मालकाकडे बघायच्याच नाहीत. अंगठ्यानं कुत्र्याचा ओठ वर करायच्या, हिरडी दाबून सोडायच्या आणि मला विचारायच्या, "मंडईत काय आलंय?"

कात्रजच्या बाजूला त्यांचा जनावरांचा दवाखाना होता आणि मी त्यांची सहायक डॉक्टर. 'फिकट', 'बरी' असले शब्द त्यांना चालत नसत. हिरडीचा रंग मंडईतल्या मालावरून सांगायचा. पहिल्या दिवशी मी "पेरू" म्हणाले, तर लगेच, "लाल की पांढरा? पुण्यात दोन्ही मिळतात." लाल पेरू म्हणजे जनावर ठीक, पांढरा म्हणजे काळजी. मुळा म्हणजे बोलणं बंद, हात चालू.

एका सकाळी धायरीकडचे एक शेतकरी टेम्पोनं उडवलेला कुत्रा घेऊन आले. वाटेत कुणीतरी त्याला सलाईनच्या बाटल्या चढवल्या होत्या.

"उभा ऱ्हायलाय बघा बाई. आता घरी न्यायला काय हरकत हाय?"

मॅडमनी ओठ वर केला. "मुळा," मी म्हणाले.

"अहो, आमटीत पाणी ओतलं की पातेलं भरतं. डाळ वाढते का?" मॅडम मालकांना म्हणाल्या. "पोटात रक्त वाहतंय आणि उरलेलं पातळ झालंय. अशा वेळी शरीर मेंदू नि काळीज सांभाळतं, आतडं उपाशी ठेवतं. आतड्याचं अस्तर सुटलं की आतली घाण थेट रक्तात. मग उद्या उभा राहतो का बघा."

तरीही मालक कुत्र्याला उचलायला वाकले. मॅडमनी दाराला कडी घातली. "आपण जाऊ शकता. कुत्रा नाही."

पोट उघडून फुटलेली प्लीहा काढली, रक्त थांबलं. मॉनिटरवरचे आकडे चांगले होते, मला हुश्श झालं. मॅडमनी मात्र आतड्यावर ठेवलेला हात उचललाच नाही. आतडं पांढरंफटक होतं. रक्त हवं होतं. एरवी मॅडमची कुत्री रक्त द्यायची, पण तिनं नुकतंच दिलं होतं.

"बाहेर कोण रडतंय?" त्यांनी विचारलं.

"त्याचा भाऊ हाय," दाराशी उभे असलेले मालक म्हणाले. "गाडीतनं उतरंना, म्हणून आणला संगं."

"आणा आत."

दोघांच्या रक्ताचे थेंब मी काचेवर एकत्र केले. गुठळ्या झाल्या असत्या तर सगळं संपलं असतं. मी काचेकडे बघत होते, मॅडम माझ्याकडे. गुठळ्या झाल्या नाहीत.

भावाचं रक्त चढू लागलं. बराच वेळ काहीच बदलेना. मालकांनी टोपी काढून हातात चुरगाळली होती. मग मॅडमच्या तळहाताशेजारी आतड्यावर हलकासा रंग उमटला.

"पडली डाळ," मॅडम म्हणाल्या. टाके काढायला दोघे भाऊ एकाच गाडीतून आले.

गेल्या वर्षी मॅडमच्याच पोटात रक्तस्राव झाला. मी रुग्णालयात पोचले तेव्हा सलाईन चालू होतं, रक्ताची पिशवी यायची होती. त्यांनी वरच्या बाटलीकडे बघून नाक मुरडलं, मग अंगठ्यानं स्वतःचाच ओठ वर केला.

"मंडईत काय आलंय?"

मी वाकून बघितलं. "पेरू."

"लाल की पांढरा?"

समोर मुळा होता. "लाल," मी म्हणाले.

त्यांनी ओठ सोडला. "बरं," म्हणाल्या. इतक्या वर्षांत माझं उत्तर त्यांनी कधी पडताळल्याशिवाय घेतलं नव्हतं.

पिशवी आली तेव्हा त्यांना तिची गरज उरली नव्हती.