जिथं मारलं, तिथं

बालाजीचा डावा कान माझ्या हातानं गेला. हे आधी लिहितो, कारण त्याशिवाय त्याच्याबद्दल काही चांगलं लिहायचा मला अधिकार नाही. महिन्यापूर्वी गेवराईच्या बायपासवर रस्ता ओलांडताना त्याला ट्रकनं उडवलं. फोन सुनीतावहिनींचा, त्याच्या बायकोचा. ट्रक डावीकडून आला, ड्रायव्हर लांबूनच हॉर्न देत होता, एवढंच त्या सांगत राहिल्या... त्याला तो ऐकू आला की नाही, हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

आम्ही दोघं अंबाजोगाईला एकत्र इंजिनिअरिंग शिकलो आणि पुढं गेवराईजवळ नानांच्या वर्कशॉपमध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचं डिझाइन करायला लागलो. बालाजीला वस्तू मोडायची हौस होती. वेल्डिंगचा नवा नमुना आला की घण घेऊन त्यावर तुटून पडायचा. माणूस अन् लोखंड हाणल्याबिगर कळत न्हाई, म्हणायचा. कॉम्प्युटरवरही तो तसाच. तिथं आपण ट्रॉलीचे हजारो बारीक तुकडे पाडतो, त्या जाळीला मेश म्हणतात. प्रत्येक तुकड्यावरचा ताण वेगळा निघतो आणि शेजारशेजारच्या तुकड्यांचे आकडे सीमेवर जुळतातच असं नाही. रंगीत चित्रात तिथं पायरी दिसते. सॉफ्टवेअरमध्ये सरासरी घ्यायची सोय असते. एक बटण दाबलं की पायऱ्या बुजतात, चित्र गुळगुळीत होतं.

नव्या ट्रॉलीच्या, ट्रॅक्टरला जोडायच्या दांडीवर जाड प्लेट पातळ पत्र्याला जोडली होती, तिथं अशी पायरी होती. मी सरासरी घेतली. प्लेटवरचा कमी ताण आणि पत्र्यावरचा जास्त ताण एकमेकांत मिसळले, धोक्याचं लाल जाऊन पिवळं झालं. तेच चित्र मी नानांना दाखवत होतो. मागं वेल्डर चहा पीत उभे होते. बालाजी पुढं आला आणि त्यानं सरासरी काढून टाकली. जाळी बारीक करत नेली की मेशच्या दोषाची पायरी लहान होत जाते, ही होत नाही, म्हणजे ही खरी आहे, पत्रा इथंच फाटणार, असं त्यानं नानांना समजावलं. मग माझ्याकडं वळला. "दिन्या, पावडर लावून पोरगी दाखवायलास का बे?"

सगळे हसले. मी त्याची कॉलर धरली आणि कानाखाली मारली. मग पुन्हा. तो टेबलावर कोसळला तरी माझा हात थांबेना. त्यानंही मला सोडलं नाही. वेल्डरांनी ओढून वेगळं केलं तेव्हा माझा एक दात हलत होता आणि त्याच्या कानातून रक्त गळत होतं...

जाड पत्र्याचा खर्च नको म्हणून नानांनी माझं चित्र मानलं. पुढच्याच आठवड्यात वाळू भरून ट्रॉली वर्कशॉपसमोरच्या चढावर नेली. बंदूक उडावी तसा आवाज झाला. पत्रा त्याच जोडाशी टराटरा फाटला, ट्रॉली सुटून मागं घरंगळत आली आणि शेडची भिंत चिरडून पालथी झाली. कानाला पट्टी बांधलेल्या बालाजीनं एका वेल्डरला शिव्या देत, दंडाला धरून भिंतीपासून ओढलं होतं. नाहीतर त्या दिवशी प्रेत उचलावं लागलं असतं.

डॉक्टरांनी कान गेल्याचं सांगितलं, त्या दिवसापासून मी माफी मागत राहिलो. दवाखान्याच्या जिन्यात, त्याच्या पोरीच्या बारशाला कोपऱ्यात गाठून, एकदा लिंबागणेशला देवळाबाहेर. तो उजवा कान पुढं करून सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "इथं कावून मागतो? चार माणसांत मारलं ना, मंग तिथंच माग." आणि लगेच चहा सांगायचा. मैत्री त्यानं तोडली नाही, माफीही दिली नाही. आमची टेबलं शेजारीच राहिली. मला वेल्डरांसमोर मान खाली घालायची लाज वाटायची. वर्षं गेली...

तेराव्यानंतर वहिनींपुढं हात जोडले. "मला नका सांगू, भाऊजी," त्या म्हणाल्या, "कुठं सांगायचं ते तुमाला ठावं हाय." तरी त्या माझ्याबरोबर वर्कशॉपमध्ये आल्या. त्या दिवशीचे दोघंच वेल्डर आता उरलेत, बाकी नवे. मी ग्राइंडर बंद करायला सांगितला. नानाही खुर्चीतून उठले. बालाजीच्या टेबलाजवळ उभं राहून मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"चित्र माझं खोटं होतं. बालाजीनं पायरी दाखवली तेव्हाच मला ते कळलं होतं. कळलं, म्हणूनच मी मारलं. बालाजी, मला माफ कर."