जोडे मारो

चौकात जोडे मारो आंदोलन जोरात होतं. दवाखान्यात पाणी का नाही, असं विचारणाऱ्या नर्सच्या कानाखाली आमदारांनी भरसभेत वाजवली. वर्षानुवर्षं निवडून येणारा माणूस! तिनं पोलिसांत तक्रार केली, म्हणून आता जोडे तिच्याच फोटोला. सगळ्यांत पुढे अण्णा होते, पक्षाचे जुने कार्यकर्ते आणि तिचे सख्खे काका.

मला राहवलं नाही. "अण्णा, अहो, पुतणी आहे ती तुमची!"

"पक्ष आधी!" ते ओरडले आणि चप्पल पुन्हा उगारली. कागदावरचा गाल फाटला, मग ओठ. यालाच आपण निष्ठा म्हणतो, वर सत्कारही करतो.

मारणाऱ्याचे डोळे उघडे असतात, मिटतात ते मार खाणाऱ्याचे. अण्णांचे डोळे प्रत्येक फटक्याला घट्ट मिटत होते.